वासुदेवचं अ‍ॅव्हरेज

वासुदेव साळुंखेच्या गाडीत मी सहा वर्षं बसते आहे, आणि ते काही हौसेने नाही. मी राहते जर्मनीत फोर्त्सहाइमला, ऑफिस गेर्लिंगेनच्या बाहेर, आणि आठ नंबरच्या ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, सकाळी गाडी चालवायची मला भीती वाटते, हे आधीच कबूल करून टाकते. वासुदेवही फोर्त्सहाइमचाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा आणि ऑफिसात माझ्या दोन मजले वर बसणारा. तेव्हा सकाळी सहा चाळीसला त्याने मला कोपऱ्यावरून उचलायचं असं ठरलं. याला इथे फारगेमाइनशाफ्ट म्हणतात, म्हणजे चार जणांनी चार गाड्या न काढता एकीतून जाणं. जर्मन माणसाला त्यात पर्यावरण दिसतं. मला सहा वर्षं वासुदेव दिसतो.

गाडी सुरू करण्याआधी तो बूट बदलतो. सीटखाली त्याचे पातळ तळाचे कापडी बूट ठेवलेले असतात. जाड बुटातून पायाला इंजिन कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग ऑटोबानवर एखादा शांत, सरळमार्गी ट्रक शोधायचा आणि त्याच्यामागे नियमाचं अंतर राखून ताशी पंच्याऐंशीने चालायचं. डावीकडून सगळं जग एकशे साठने निघून जातं, हा ढिम्म. लाल सिग्नल दिसला की दोनशे मीटर अलीकडेच पाय वर, आणि सिग्नलला इंजिन बंद. संध्याकाळी परतताना एन्झ नदीकडे उतरणारा मोठा उतार लागला की त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव येतो, की मी आपली खिडकीबाहेर बघते. हिवाळ्यात सीट गरम करायचं बटण आहे, पण ते दाबायचं नाही, कारण ती वीजही शेवटी डिझेलमधूनच येते. सहा हिवाळे मी शाल पांघरून ऑफिसला गेले. एकदा मी मागच्या सीटवर माझी मोठी छत्री विसरले, तर तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ही रोज लागते का. छत्रीचं वजन मोजत होता. मी म्हटलं, अरे, मग मीच उतरते. तर त्याने खरोखर क्षणभर विचार केला.

थेंबे थेंबे तळे साचे हे आपण सगळ्यांनी पाटीवर गिरवलं आणि विसरून गेलो. या एका माणसाने ते मनावर घेतलं.

हे सगळं कशासाठी, तर एका आकड्यासाठी. स्टिअरिंगच्या मागे छोटा पडदा आहे, त्यावर गाडीचं अ‍ॅव्हरेज दिसतं. आता अ‍ॅव्हरेज म्हणजे काय ते तुम्हाला मला सांगायला नको. आपल्याकडे नवी गाडी घेतली की शेजारी पेढा तोंडात असतानाच विचारतो, अ‍ॅव्हरेज किती देते? पण जगात दुसऱ्या कुणाला हा शब्द या अर्थाने कळत नाही. वासुदेवने इथे आल्या आल्या एका मीटिंगमध्ये इंजिनाचं अ‍ॅव्हरेज विचारलं, तेव्हा समोरचे चार जर्मन एकमेकांकडे बघत राहिले, कशाची सरासरी हवी आहे या माणसाला? तेव्हापासून तो शब्द त्याने ऑफिसात टाकला आणि घरापुरता ठेवला.

शब्दाचं एक वेळ सोडा, मोजायची रीतसुद्धा उलटी आहे. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली ते आपण सांगतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी आपली छाती पुढे. अमेरिकेतही तसंच, फक्त लिटरऐवजी गॅलन आणि किलोमीटरऐवजी मैल. जर्मन माणूस मात्र शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते सांगतो. म्हणजे आकडा लहान तितकं चांगलं. आपण गाडी काय देते ते विचारतो, तो गाडी काय खाते ते विचारतो.

गंमत अशी, की वासुदेवचं पोट या फरकावरच चालतं. एकाच इंजिनाला युरोपात एका स्वभावाने चालावं लागतं आणि अमेरिकेत दुसऱ्या. कधी किती इंधन सोडायचं, कधी किती हवा घ्यायची, हे सगळं इंजिनाच्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. ते शिकवणाऱ्यांपैकी तो एक. पहिली दोन वर्षं ऑफिसच्या वाटेवर मी त्याच्याकडून हे सगळं ऐकलं, मागितलेलं नसताना. युरोपात इंधनावर कर जबर, गल्ल्या अरुंद, काही देशांत तर इंजिनाचा आकार बघून वर्षाचा कर लावतात, म्हणून इंजिन छोटं, त्यात हवा कोंबायला टर्बो, आणि कित्येक वर्षं डिझेलचं वेड. अमेरिकेत इंधन स्वस्त, रस्ते ऐसपैस, आणि धुराचे नियम डिझेलच्या मुळावर येणारे, म्हणून तिथे पेट्रोलची सहा-आठ सिलिंडरची दांडगी इंजिनं. आता इथेही डिझेलची सद्दी संपत आली आहे. वासुदेवच्या मजल्यावर निम्म्या टेबलांवर बॅटरीवाले बसतात आणि हा कोपऱ्यात आपले तक्ते करत असतो. डाव्या रकान्यात अमेरिकनांसाठी गॅलनला मैल, उजव्या रकान्यात जर्मनांसाठी शंभरला लिटर. त्यासाठी दोनशे पस्तीसला भागायचं असतं. तो भागाकार त्याला झोपेतून उठवून विचारला तरी येतो.

एकदा कंपनीने त्याला सहा आठवडे मिशिगनला पाठवलं. परत आला तो सुतकी चेहरा करून. तिथे म्हणे थंडीत लोक घरातून बटण दाबतात आणि बाहेर गाडी आपली सुरू होऊन वीस-वीस मिनिटं उभ्या उभ्या चालत राहते, आत बसायला उबदार व्हावी म्हणून. ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याने एका सकाळी अशा अकरा गाड्या मोजल्या. आत माणूस नाही आणि इंजिन चालू. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं, की मला वाटलं तिथे कुणीतरी दगावलं असावं.

आता त्याच्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राजाभाऊ साळुंखे, घरात अण्णा. पाटण डेपोत एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. एसटीत दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर गेली ते मोजतात, आणि त्यांच्या डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचा हा आकडा दर महिन्याला फळ्यावर खडूने लिहायचे. कुंभार्ली घाट चढून चिपळूणला जाणाऱ्या गाडीवर अण्णांनी चौपन्न काढले होते. भरली गाडी, घाटाचा रस्ता, चौपन्न. तो आकडा त्या डेपोत पुन्हा कुणाला काढता आला नाही म्हणतात. पंचेचाळीसच्या खाली आकडा गेला की ती गाडी तपासायला वर्कशॉपला लावायची, असा तिथला नेम होता. लहान वासुदेव शाळा सुटली की डेपोत जायचा आणि वडिलांच्या नावापुढचा आकडा वाचून घरी यायचा.

अण्णा कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा बरं झालं म्हणाले, जर्मनीला निघाला तेव्हा स्वेटर घे म्हणाले. वासुदेवला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. अण्णांनी एकदा म्हणावं, गाडी बरी चालवतोस. बास. पन्नाशीला आलेला माणूस, पोरगी कॉलेजात, आणि याला हे हवं. मी त्याची यावरून चेष्टा करायचे. पुढे बंद केली, कारण त्याला ते खरोखरच हवं होतं.

त्यात भर म्हणजे धाकटा भाऊ रुपेश अमेरिकेत. त्याच्याकडे ट्रकएवढी पिकअप गाडी, साडेपाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. त्या इंजिनाच्या पोटात मावतं तेवढ्या डिझेलात माझी गाडी शंभर किलोमीटर जाते, असं वासुदेव म्हणायचा. पण पाटणला कौतुक रुपेशचं. त्याने फोनवर सांगितलं होतं, अण्णा, हायवेला बावीस देते. झालं. अण्णांनी हे केस कापायच्या दुकानात सांगितलं, डेपोतल्या जुन्या लोकांना सांगितलं, धाकट्याची गाडी एवढी दांडगी आहे तरी बावीस देते, अमेरिकेची इंजिनंच भारी. चुलतभावाकडून हे वासुदेवच्या कानावर आलं. त्या दिवशी तो माझ्याजवळ फुटलाच. बावीस म्हणजे गॅलनला बावीस मैल, म्हणजे शंभरला दहा पॉइंट सात लिटर. दहा पॉइंट सात, कौमुदी! असं त्याने मला दोनदा सांगितलं. म्हणजे बघा, तेव्हाही त्याने हिशेब अमेरिकनातून जर्मनमध्ये केला. मराठीत केलाच नाही.

दर शुक्रवारी सकाळी वाटेत तो अण्णांना फोन लावायचा. स्पीकरवर, हात स्टिअरिंगवर. त्यामुळे ते सगळं मीही ऐकलेलं आहे. तब्येत, पाणी, नात इरा काय म्हणते, हे झालं की अण्णा शेवटी विचारायचे, गाडी काय देती? हा सांगायचा. नऊ वर्षांपूर्वी गाडी नवी घेतली तेव्हा त्याने पाच पॉइंट चार सांगितलं होतं. मी बसायला लागले तोवर पाच पॉइंट एकवर आला होता. मग पाच. मग चार पॉइंट आठ. प्रत्येक दशांशासाठी या माणसाने काय काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे, त्यात माझी छत्रीही गेली. आकडा सांगताना त्याच्या आवाजात इतकं सुख असायचं. आणि पलीकडून अण्णा नुसते हं म्हणायचे. थोडं थांबून विचारायचे, एअर फिल्टर साफ केलास का? चढाला दम लागतो का गाडीला? क्लच घासत नसेल ना?

फोन ठेवल्यावर वासुदेव हसायचा. म्हणायचा, ड्रायव्हरचा जीव आहे, सवय जात नाही. पण त्याच्या हसण्यात दम नसायचा.

तुमच्या लक्षात एव्हाना आलं असेल. आमच्या नाही आलं. इतकी वर्षं इथे राहून आमची डोकी उलटी झाली होती. लहान आकडा म्हणजे चांगला, हे आम्हाला आता विचार न करताच वाटायचं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते आणि ही चूक दर शुक्रवारी माझ्या कानावरून गेली. याबद्दल मला स्वतःचा जो राग यायचा तो येऊन गेला आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये वासुदेवने चार पॉइंट चार गाठलं. सांगताना त्याने जवळजवळ गाणंच म्हटलं. म्हणाला, अण्णा, साडेचारच्याही खाली आलो, आता फक्त चारच्या आत जायचं राहिलं. या वेळी अण्णांनी एअर फिल्टरचं विचारलं नाही. म्हणाले, मी येतो तिकडं.

सतरा वर्षं हे दोघं नवराबायको अण्णांना या या म्हणून हात टेकलेले होते. विमानात बसायचं नाही, थंडी सोसत नाही, गोठ्यात म्हैस आहे, शंभर कारणं. आणि आता आपण होऊन येतो म्हणाले. वासुदेवने गाडी पुढच्या पार्किंगला घेतली. म्हणाला, बघितलंस, अण्णांना पटलं. चार पॉइंट चार ऐकून येतायत. मीही इथल्यासारखं गेनाऊ म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. मला त्याच्यासाठी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्हिसा, डॉक्टरची चिठ्ठी, म्हशीची सोय होता होता मे उजाडला. अण्णा आले. एकोणऐंशी वर्षांचा ताठ माणूस, डोक्याला टोपी, अंगात मुलाने पाठवलेलं जाकीट, आणि सामानात एक जुन्या खाकी कापडाची वळकटी, जी ते संध्याला, म्हणजे सुनेला, कपाटात ठेवू देईनात. फ्रँकफर्टहून येताना ते मागच्या सीटवर झोपूनच आले. मग आठवडाभर खोकला आणि बाहेर पाऊस. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली मागितली होती. वासुदेव म्हणाला, आधी बरे व्हा, मग लांबच्या रस्त्यालाच काढू.

तो लांबचा रस्ता म्हणजे कोलोन. इरा तिथे युनिव्हर्सिटीत शिकते. आजोबांशी फोनवर ती हो, नाही आणि बरं आहे एवढं मराठी बोलते, बाकीचं जर्मनमध्ये, आणि अण्णांना त्याचंही काही वाटत नाही. हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची, सुट्टी गुरुवारची, शुक्रवार जोडून घेतला की चार दिवस. संध्या आदल्या दिवशीच ट्रेनने पुढे गेली. माझी बहीणही कोलोनला असते, म्हणून मी या दोघांबरोबर निघाले. मागच्या सीटवर बसले, छत्रीशिवाय.

वासुदेवने निघताना पडद्यावरचा आकडा शून्यावर आणला. टायरमध्ये हवा आदल्या रात्रीच भरलेली. बूट बदलले. मी मनात म्हटलं, आज हा श्वाससुद्धा मोजून घेणार. आणि त्याने चालवलीही तशीच. कार्ल्सरूहे गेलं, हायडेलबर्गचा फाटा गेला, एकसष्ट नंबरच्या रस्त्याला लागलो. वारा पाठीमागून होता. त्याला इतका हिरवा, इतका मऊ रस्ता मिळाला होता, आणि पुढे एक पोलिश ट्रक, जो सुतासारखा सरळ चालला होता. अण्णा पुढच्या सीटवर होते. मला वाटलं बाहेरचं बघतायत. पण ते बाहेर बघतच नव्हते. मान जरा खाली होती आणि नजर वासुदेवच्या उजव्या पायावर होती.

हुन्सऱ्युकचे डोंगर लागले, त्यातही आकडा फार हलला नाही, आणि तो मोठा चढ संपून रस्ता उतरणीला लागला तेव्हा पडद्यावर चार पॉइंट शून्यचं तीन पॉइंट नऊ झालं. एकशे नव्वद किलोमीटर झाले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा चारच्या आत. वासुदेवने पाच-सहा किलोमीटर जाऊ दिले, आकडा टिकतो का ते बघितलं. मग एका बोटाने पडदा दाखवला.

"अण्णा, बघा. तीन पॉइंट नऊ."

अण्णांनी चष्मा सारखा करून बघितलं. मग डावा हात लांब करून त्यांनी वासुदेवच्या खांद्यावर ठेवला. मी त्या माणसाला कुणाला हात लावताना त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं.

"आसू दे, वासू," ते म्हणाले. "तुझा दोष न्हाई. तासभर तुझा पाय बघतोय मी. माझ्यापेक्षा हलका पाय हाय तुझा. गाडी बरी चालवतोस. गाडीच बसलीया. पंचेचाळीसच्या खाली गेली तवाच म्या ठरवलं, जाऊन बघायचं. आता तर एकोणचाळीसवर आली. हत्यारं आणल्यात मी. कोलोनला पोचलो की बॉनेट उघडू."

पोलिश ट्रक पुढे चालला होता. मला एवढंच दिसत होतं की वासुदेवची मान ताठ झाली आहे. ज्या वाक्यासाठी तो जन्मभर थांबला होता ते त्याला मिळालं होतं, आणि त्याच्याच पुढे लागून हे आलं होतं. पंचेचाळीस, एकोणचाळीस. दहा लिटरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिटरला पाच पॉइंट चार किलोमीटर, म्हणजे अण्णांना दहा लिटरला चौपन्न ऐकू आलं होतं. नव्या कोऱ्या जर्मन गाडीचं अ‍ॅव्हरेज त्यांच्या भरल्या एसटीएवढं, तेही सपाट रस्त्याला. आणि मग हा पोरगा दर थोड्या महिन्यांनी खुशीत येऊन सांगतोय, अजून कमी झालं, अण्णा, अजून कमी झालं. नऊ वर्षं त्यांनी हे ऐकून घेतलं आणि पोराला लाज वाटू नये म्हणून नुसतं एअर फिल्टर विचारलं.

शेवटी मीच बोलले. मला मूग गिळून बसणं कधी जमलेलं नाही. मी सांगितलं, अण्णा, इथे उलटं मोजतात. हा आकडा गाडीने काय दिलं त्याचा नाही, काय खाल्लं त्याचा आहे. शंभर किलोमीटरला चार लिटरही लागलं नाही.

अण्णा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, आकडेमोड चालली होती. मग त्यांनी विचारलं, दहा लिटरला किती? वासुदेवने उत्तर दिलं, पण इतक्या बारीक आवाजात, की त्यांनी पुन्हा विचारलं.

"दोनशे छप्पन," तो म्हणाला.

"आणि रुपेशची?"

"त्र्याण्णव."

पुढे एक-दोन किलोमीटर गेले. दोनशे छप्पन हा आकडा अण्णांनी एकदा स्वतःशी पुटपुटला. फळ्यावर तो कुठेच बसणारा नव्हता, त्यांच्या चौपन्नच्या जवळपाससुद्धा नाही. त्यांना आनंद झाला असेल, नक्कीच झाला असेल, पण तो चेहऱ्यावर येईपर्यंत दुसरंच काहीतरी वर आलं. खाकी वळकटी त्यांनी मांडीवर घेतली होती. तिच्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"म्हंजे मी उगंच आलो," ते म्हणाले.

वासुदेवने उजवा दिवा लावला, ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि गाडी रास्टस्टेटेला, म्हणजे हायवेलगतच्या थांब्यावर, घेतली. मला वाटलं, आता हा उतरून दोन मिनिटं कुठेतरी जाऊन येईल, त्याला त्याची गरज होती. पण त्याने गाडी झाडाखाली उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली वाकून बॉनेटचा खटका ओढला.

मी मागून म्हणाले, इंजिन चालू आहे. त्याने ऐकलं नाही. सिग्नलला बारा सेकंद थांबायचं असलं तरी किल्ली फिरवणारा माणूस. तो दार उघडून पलीकडच्या बाजूला गेला, अण्णांचं दार उघडलं आणि म्हणाला, चढाला इंजिनात थोडा आवाज येतो आहे, मला काही केल्या सापडत नाही, तुम्ही जरा ऐकता का.

सहा वर्षांत त्या गाडीतून मी कसलाही आवाज ऐकलेला नाही. वासुदेव साळुंखे इंजिनाबद्दल खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याला ते धड येतही नव्हतं. कान लाल झाले होते.

अण्णांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग वळकटी घेऊन उतरले. बॉनेटखाली आता सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं असतं, त्यांच्या ओळखीचं तिथे एक ऑइल मोजायची कांडी सोडली तर काही नव्हतं. तरी त्यांनी वळकटी फेंडरवर उलगडली. तेल लावून पुसलेले पाने, एक फट मोजायचं फीलर गेज, पकड आणि एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. तो त्यांनी उचलला, प्लास्टिकच्या कडेने आत घालून त्याचं टोक लोखंडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुने मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात, डॉक्टर छाती ऐकतो तसं. थोड्या वेळाने टोक दुसरीकडे, मग तिसरीकडे. वासुदेव हात मागे बांधून बाजूला उभा होता.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. शेजारच्या कॅरॅव्हानमधले एक निवृत्त गृहस्थ उतरून आले. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायची इथे बंदी आहे, दंडही होतो, आणि ते सांगायला एखादे तरी आजोबा नेहमी हजर असतात. एरवी असं काही दिसलं की सांगायला जाणारा पहिला माणूस वासुदेवच. ते म्हणाले, मोटर आउस, बिटे, म्हणजे इंजिन बंद करा. वासुदेवने त्यांना जर्मनमध्ये हळूच सांगितलं, जरा थांबा, माझे वडील ऐकतायत. गृहस्थांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. काय समजले कोण जाणे. मान हलवून परत गेले.

मी मागच्या सीटवरच बसून होते. मला तिथून पडदा दिसत होता. तीन पॉइंट नऊ होतं, तसंच बराच वेळ राहिलं. उभ्या गाडीचं डिझेल थेंबाथेंबाने जळत होतं आणि किलोमीटर एकही वाढत नव्हता. मग माझ्यासमोर तिथे चार पॉइंट शून्य आलं. काचेवर टकटक करून सांगावं असं मनात आलं. हात उचललाही होता मी, मग शालीत घेतला.

बाहेर अण्णांनी डोळे उघडले, स्क्रूड्रायव्हर पुसला. इंजिन चांगलं आहे, घड्याळासारखं चाललंय, असं ते म्हणाले. मग त्यांना एकदम भान आल्यासारखं झालं.

"बंद कर आता," ते म्हणाले. "उगंच डिझेल जळतंय."

"जळू द्या, अण्णा," वासुदेव म्हणाला. "डावीकडचं ऐकायचं राहिलंय."